केवळरामजी कान लावतात

केवळरामजी भेंडारकर कुणाच्याही घरी गेले, की आधी कान लावत आणि मग हात जोडत. कान कशालाही. भिंतीवरच्या घड्याळाला, कूलरला, रेडिओला, एकदा तर एका नव्या जावयाच्या मोटरसायकलच्या टाकीला. आमच्या एका सहकाऱ्याचे वडील वारले तेव्हा आम्ही ऑफिसची मंडळी भेटायला गेलो होतो. सगळे खाली मान घालून बसलेले. केवळरामजी उठले, भिंतीवरच्या घड्याळाला कान लावून बराच वेळ उभे राहिले, आणि परत येऊन त्या बिचाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "बाबा गेले ते गेले. पन घड्याळाची स्प्रिंग दाखवून घे, तेही जाऊन राहिलं." त्याने रडता रडता मान हलवली. पुढे तो मला म्हणाला, की दिवसभरात तेवढं एकच वाक्य त्याने आधी कुठे ऐकलेलं नव्हतं.

आम्ही दोघं भंडाऱ्याला धान खरेदी-विक्रीच्या एका संस्थेत नोकरीला होतो. मी लांजेवार, हिशेब विभागात. केवळरामजी आवक-जावक बघत. म्हणजे बाहेरून आलेला कागद त्यांच्या हातून आत यायचा आणि आतला कागद त्यांच्या हातून बाहेर जायचा. वयाने माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे, अंगाने बारीक, पायजमा घोट्याच्या वर आणि सायकल कायम स्वच्छ. लोखंडाला डावा कान आणि लाकडाला उजवा, असा त्यांचा नियम होता. का, ते मी एकदा विचारलं. "उजव्याले लोखंड सोसत नाही जी," असं उत्तर मिळालं. मी पुन्हा विचारलं नाही.

एवढं वाचून कुणाला वाटेल, की माणूस मोठा जाणकार असणार. तसं काही समजू नका. केवळरामजींचं निदान बहुतेक चुकायचं. एकदा मॅनेजर साहेब अड्याळच्या खरेदी केंद्रावर निघाले होते. केवळरामजींनी जीपच्या बॉनेटला डावा कान लावला आणि गिअरबॉक्स गेल्याचं जाहीर केलं. साहेब बसने गेले, तेही बाजाराच्या दिवशी, कोंबड्यांच्या टोपल्यांमध्ये उभे राहून. संध्याकाळी ड्रायव्हरला मागच्या सीटखाली एक रिकामा स्टीलचा डबा सापडला. तोच इकडून तिकडे गडगडत होता. दुसरा कुणी असता तर महिनाभर साहेबांसमोर गेला नसता. केवळरामजी त्या डब्याकडे कौतुकाने बघत म्हणाले, "डबा का होईना, बोलून राहिला होता ना जी?"

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. बोलून राहिलं ना जी. दार करकरलं, नळ घोंगावला, टाइपरायटर अडकला, की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या आणि केवळरामजींचा चेहरा खुलायचा. जे आवाज करतं ते जिवंत आहे आणि जे गप्प बसलं त्याची काळजी करावी, असं त्यांचं शास्त्र. कुणी दाराला तेल घालू लागलं तर यांना वाईट वाटे. संध्याकाळी ऑफिस सुटलं की आम्ही तडक घरी जायचो. हे मात्र राइस मिलच्या पट्ट्यापाशी थांब, लोहाराच्या भात्यापाशी थांब, असं करत जायचे आणि ऐकलेलं तोंडाने पुटपुटत सायकल हाकायचे. रस्त्यातली पोरं मागून तसेच आवाज काढत. ते पोरांचेही ऐकून घेत.

अशा माणसाची बायको पूर्ण बहिरी होती. यावर ऑफिसात हसणं होणारच. देवाने त्या घराला चार कान दिले आणि चारही एकाच माणसाला लावले, असं आमचे कॅशियर म्हणत. अनसूयाकाकी एकोडी गावच्या. एका मोठ्या तापात त्यांचं ऐकणं गेलं, त्याला आठ-दहा वर्षं झाली होती. नागपूरच्या डॉक्टरांनीही हात टेकले होते. मूलबाळ नव्हतं. मी त्यांना लांबून पाहिलेलं होतं, एवढंच.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा आमच्या संस्थेत कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी प्लायवूडची खोली झाली, खाली गालिचा आला, खिडकीला पडदे आले. नागपूरला जाऊन शिकून येण्यासाठी माझी निवड झाली, कारण इतर सगळ्यांनी पोटदुखी सांगितली. परत आल्यावर त्या खोलीचा मी पुजारी झालो. जोडे बाहेर, पाणी बाहेर, आणि बाहेरचा माणूस तर दारातूनच परत. साहेबांचा तसा सक्त हुकूम होता. संस्थेच्या अध्यक्षांच्या मेव्हण्यालाही साहेबांनी उंबरठ्यावरून यंत्र दाखवलं आणि चहा पाजून वाटेला लावलं.

मग खांडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे धान मोजायचा काटा, टाइपरायटर, जीप, सगळ्यांची पूजा होते. कॉम्प्युटरची करायची की नाही यावर खल झाला. साहेबांनी नारळ बाहेर फोडायला लावला, पण हळद-कुंकू आणि अक्षता आत चालतील म्हणाले. आता प्रश्न पडला, की या देवाचं तोंड कुठलं? वर टीव्हीसारखी काच, खाली डबा, डब्याला मागे जाळी आणि वायरींचा गुंता. खोली लहान आणि भक्त फार. ज्याला जिथून जागा मिळाली तिथून त्याने अक्षता टाकल्या. साहेब गर्दीत यंत्राच्या मागे ढकलले गेले होते, त्यांनी तिथूनच दोन मुठी टाकल्या.

दिवाळीच्या आत यंत्र आवाज करायला लागलं. त्या डब्यात मागच्या बाजूला एक छोटा पंखा असतो. आतली गरमी तो बाहेर फेकतो. तो पंखा आधी घरघरायला लागला. मग घरघरीत दर फेऱ्याला एक टक् यायला लागलं. हळूहळू अख्खं टेबल थरथरू लागलं आणि त्यावर ठेवलेली पेन्सिल आपोआप चालत कडेला येऊन खाली पडू लागली. घरर-टक्, घरर-टक्, दहापासून साडेपाचपर्यंत. माझं डोकं उठायचं. रात्री जेवताना बायकोने पोळी लाटली तरी मला त्यात टक् ऐकू यायचं. पंखा पुरता बंद पडला तर यंत्र आतल्या आत तापून जाईल, हेही मला शिकवलेलं होतं, त्यामुळे जिवाला घोर वेगळाच.

ऑफिसात ज्याने त्याने सल्ला दिला. कुणी म्हणालं एरंडेल सोड, कुणी म्हणालं डब्यावर वीट ठेव. केवळरामजींना मी मुद्दाम बोलावलं नाही, पण ते आलेच. जोडे काढले, गालिचावर गुडघे टेकले आणि डब्याला डावा कान लावला. आम्ही सगळे निदान ऐकायला उभे. बाळंतवातापासून काहीही निघेल अशी तयारी होती. केवळरामजी बराच वेळ उठलेच नाहीत. मग त्यांनी कान काढला आणि तिथे हाताचा पंजा टेकवला. उठले तेव्हा चेहरा भलताच गंभीर होता.

"काही झालं नाही याले," ते म्हणाले. "चांगला बोलून राहिला. राहू द्या."

एवढं बोलून ते आवक-जावकच्या टेबलावर जाऊन बसले.

मी नागपूरला कंपनीकडे तक्रारीचं पत्र टाकलं. उत्तर नाही. पुन्हा टाकलं. त्याचंही नाही. केवळरामजींना विचारलं, की पत्र गेलं का हो? तर म्हणाले, "जाऊन राहिलं." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता डिंकाची बाटली एका जागेवरून दुसऱ्या जागेवर ठेवली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पत्रं कुठेही गेलेली नव्हती. हा माणूस माझी तक्रार दाबून बसला होता. माझं टाळकं सटकलं. चारचौघांत बोलणं बरं दिसणार नाही म्हणून मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो.

दार उघडंच होतं. आतून जीपचा आवाज येत होता. मी आत डोकावलो आणि तिथेच थबकलो. स्वयंपाकघरात अनसूयाकाकी पाटावर बसल्या होत्या. केवळरामजी त्यांच्यासमोर उकिडवे बसून जीप झाले होते. काकींचा एक पंजा त्यांनी स्वतःच्या गळ्यावर धरला होता आणि घशातून गिअर टाकत होते. दुसऱ्या हाताने काकींच्या मांडीजवळ एक पितळी वाटी फरशीवर गडगडवत होते. तो सीटखालचा डबा असणार. त्यात मध्येच ते साहेब होऊन बसमध्ये उभे राहिले आणि डोक्यावरची कोंबड्यांची टोपली सावरू लागले. काकी पदर तोंडाला लावून हसत होत्या. गोष्ट जुनी होती. ती त्यांनी पूर्वीही पुष्कळदा पाहिली असावी, कारण टोपली यायच्या आधीच त्यांना हसू फुटलं होतं.

मला बघून केवळरामजी जीपमधून उतरले. जराही लाजले नाहीत. काकींनी चहा ठेवला आणि आम्ही अंगणात येऊन बसलो. मी ठरवून आणलेला राग शोधू लागलो, पण तो काही सापडेना. तरी मी पत्रांचं विचारलं.

केवळरामजींनी सरळ सांगितलं, की पत्रं टेबलाच्या खणात आहेत, आणि एवढ्यात जाणारही नाहीत. मग जे सांगितलं ते असं. काकींच्या वडिलांकडे एकोडीला धान उडवायचा पंखा होता. लाकडी चौकटीचा, पत्र्याच्या पात्यांचा, हाताने फिरवायचा. मळणी झाली, की त्याच्यासमोर सुपाने धान सोडायचं, पोचट पोल उडून जातो आणि भरीव दाणा खाली पडतो. गावात तेव्हा तो एकच पंखा, म्हणून या खळ्यावरून त्या खळ्यावर फिरायचा, आणि दांडा फिरवायला लहानगी अनसूया बरोबर असायची. त्याचं एक पातं वाकलं होतं. दर फेऱ्याला ते चौकटीला लागायचं. घरर-टक्, घरर-टक्. केवळरामजी लग्नाआधी मुलगी पाहायला गेले, तेव्हा घरात कुणी नव्हतं, सगळे खळ्यावर होते. तो आवाज ऐकत ऐकतच ते तिथे पोचले होते.

"मंग ते तुमच्या खोलीतलं यंत्र," ते म्हणाले. "कान लावला तं एकोडीचं खळंच की जी."

मी म्हणालो, असेल, पण म्हणून माझं डोकं का उठवता?

त्यांनी आत स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग म्हणाले, "पहिलं पहिलं तिच्या डोक्यात सारे आवाज होते. कोंबड्याचा, हंड्याचा, माझा. आता एकेक पुसून राहिला. मी रोज नेतो काहीबाही, पन किती टिकते? परवा मले विचारते, तुमचा आवाज कसा होता जी, जाड का पातळ? काय सांगू मी तिले?"

चहा आला. काकी कप ठेवून आत गेल्या.

"बापाचा पंखा तेवढा राहिला हाय," केवळरामजी म्हणाले. "तोही जाईल. मी गळ्यातून काढून पाहिला, नाही बसत. हाताले थरथर लागली पाहिजे, अन् टक् लागला पाहिजे. एक डाव तिचा हात त्या डब्यावर ठेवू द्या, लांजेवार बाबू. मंग खुशाल दुरुस्त करा."

हो म्हणावंसं वाटलं, हे मी कबूल करतो. पण त्या खोलीत बाहेरच्या माणसाला मज्जाव होता आणि साहेब कसे होते ते मी वर सांगितलंच आहे. मी "बघतो" म्हणालो. सरकारी-निमसरकारी नोकरीत "बघतो" म्हणजे काय ते दोघांनाही माहीत होतं. केवळरामजींनी दारापर्यंत येऊन निरोप दिला आणि माझ्या सायकलची घंटी ऐकायची म्हणून एकदा वाजवून पाहिली.

मी खरंच दोन-तीनदा साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो आणि दुसरंच काही विचारून परत आलो. तेवढ्यात नको तेच झालं. एके दिवशी साहेब स्वतः माझ्या खोलीत येऊन बसले, घरर-टक् ऐकून त्यांचंही डोकं उठलं, आणि त्यांनी नागपूरला फोन लावला. फोन आवक-जावकमधून जात नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी इंजिनियर हजर. तरुण हिंदी भाषिक मुलगा, टाय घातलेला, हातात चामडी बॅग. माझ्या खोलीत बसून त्याने बॅग उघडली आणि पेचकस काढला.

बॅगेच्या चेनचा आवाज केवळरामजींनी आपल्या टेबलावरून ऐकला असला पाहिजे. ते आत आले ते जोड्यांसकट. गालिचावर धुळीचे ठसे उमटले. डब्यावर त्यांनी दोन्ही हात पसरून ठेवले, पिलांवर कोंबडी बसते तसे.

"साहेब," ते इंजिनियरला म्हणाले, "अर्धा घंटा रुकिए. मेरी घरवाली को आने दो."

इंजिनियरने माझ्याकडे पाहिलं. दारात मॅनेजर साहेब उभे. त्यांची नजर आधी त्या जोड्यांवर गेली, मग केवळरामजींवर, मग माझ्यावर. मी आयुष्यात धाडसाची कामं फारशी केलेली नाहीत. पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, की साहेब, इंजिनियर सकाळपासून उपाशी आहेत, मी त्यांना पोहे खाऊ घालून आणतो. नागपूरहून आलेल्या माणसाला तर्री-पोहे म्हटल्यावर तो उठलाच. यंत्र चालूच राहू दे, आवाज नीट कळेल, असंही मी जाता जाता सांगून टाकलं. केवळरामजी तोवर सायकलवर बसून फाटकाबाहेर गेले होते.

पोह्यांच्या दुसऱ्या बशीला इंजिनियर नाही म्हणाला. मी त्याला बळेच खायला लावली.

आम्ही परत आलो तर काकी नळावर पाय धूत होत्या. कॅरिअरवर बसून आल्यामुळे लुगडं चुरगळलं होतं. चपला त्यांनी बाहेर ओळीत नीट लावल्या, केवळरामजींचे जोडेही उचलून त्याच ओळीत ठेवले आणि साहेबांना वाकून नमस्कार केला. खोलीतल्या नियमांपैकी एकही त्यांनी मोडला नव्हता, एक सोडून, आणि तो मोडू नका म्हणायला साहेबांना शब्द सुचेना. ते बाजूला झाले. ऑफिसातले सगळे दाराशी गोळा झाले होते. कॅशियरही होते.

केवळरामजींनी काकींचा उजवा हात धरून डब्यावर ठेवला आणि आपण मागे सरले.

काकी आधी नुसत्या उभ्या होत्या. मग त्यांचा हात जरा चपटा झाला. मग त्यांनी दुसरा हातही ठेवला आणि डोळे मिटले. खोलीत घरर-टक् सोडून काही ऐकू येत नव्हतं, आणि पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही. त्यांच्या उजव्या खांद्याची थोडी हालचाल व्हायला लागली. पुढे, खाली, मागे, वर. त्या दांडा फिरवत होत्या.

ज्याला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही तो फार मोठ्याने बोलतो. सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने काकी म्हणाल्या, "पातं वाकडंच हाय जी अजून." आणि थोड्या वेळाने, "कोनाचं धान उडवून राहिले बाबा?"

मॅनेजर साहेबांनी चष्मा काढून पुसला. केवळरामजी बायकोकडे बघत उभे होते आणि त्यांचे दोन्ही कान लाल झाले होते.

इंजिनियर शहाणा मुलगा होता. काकींनी आपण होऊन हात काढेपर्यंत त्याने पेचकस हातात घेतला नाही. मग यंत्र बंद करून त्याने डबा उघडला, पंखा बाहेर काढला आणि पात्याकडे बघून हसायलाच लागला. एका पात्याला कुंकवात माखलेल्या अक्षतांचा गोळा वाळून घट्ट चिकटला होता. "ये चावल किसने डाला?" त्याने विचारलं. आम्ही सगळ्यांनी छताकडे पाहिलं. त्यात साहेबही होते.

गोळा खरवडून त्याने पंखा परत बसवला आणि यंत्र चालू केलं. आवाज म्हणून उरला नाही. टेबलावरची पेन्सिल जागची हलली नाही. काकींनी पुन्हा डब्यावर हात ठेवून पाहिला आणि केवळरामजींकडे वळून विचारलं, "थांबला?"

केवळरामजींनी त्यांच्या तळहातावर बोटाने दोनदा टकटक केलं आणि ओठ मोठे हलवून सांगितलं, "धान संपलं."

काकींना ते पटलं. धान संपल्यावर पंखा थांबतोच. त्या चपला घालून कॅरिअरवर बसल्या आणि दोघं घरी गेले. त्या दिवशी केवळरामजींची अर्धी रजा साहेबांनी स्वतःहून मांडली नाही. इंजिनियरने निघताना मला बजावलं, "पूजा सामने से कीजिए, और सिर्फ फूल." साहेबांनी तसा हुकूमच काढला.

पुढे वर्षभर माझी खोली शांत होती. डोकं उठत नव्हतं, पेन्सिल पडत नव्हती. केवळरामजी कधीमधी दारात येऊन उभे राहत, कानही लावत नसत, आणि परत जात. मी काही विचारत नसे. शांतता बरी असते असं मी आयुष्यभर समजत आलो होतो. पण त्या वर्षी ती मला जरा जास्तच वाटली.

पुन्हा खांडेनवमी आली. हुकुमाप्रमाणे सगळ्यांनी समोरून झेंडूची फुलं वाहिली. सगळे नारळ फोडायला बाहेर गेल्यावर मी एकटा आत राहिलो. घरून येताना मूठभर अक्षता आणल्या होत्या. कुंकवात भिजवून जरा ओल्याच ठेवल्या होत्या. यंत्राला मागून नमस्कार केला आणि जाळीतून आत सोडल्या.

सणाची सुट्टी संपल्यावर यंत्र चालू केलं. पहिले दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पेन्सिल चालू लागली. साहेबांनी आपल्या खोलीतून माझ्याकडे पाहिलं, आणि मग त्यांनीच आधी छताकडे पाहिलं. केवळरामजी दारात आले, जोडे काढले, पण कान काही लावला नाही. नुसते माझ्याकडे बघत राहिले. मग जोडे घालून गेले आणि मला फाटकाशी सायकल काढल्याचा आवाज आला.

नियम म्हणून मी त्याच दुपारी कंपनीला तक्रारीचं पत्र लिहिलं, पाकिटात घातलं आणि आवक-जावकच्या टेबलावर नेऊन ठेवलं.